कुर्ल्याचा मोटार-कारखाना : प्रीमियर ऑटोमोबाईल्समधील मालक-मजूर संबंधांचा वृत्तान्त

स्मरणिकेतील इतिहासाची एक ठरलेली वाट असते : आरंभी संस्थापकांची तसबीर, मग कोनशिलेचा समारंभ, पहिल्या उत्पादनाची हकीकत, थोर पाहुण्यांचे अभिप्राय, आणि शेवटी ताळेबंदातील चढत्या आकड्यांचा तक्ता. प्रीमियर ऑटोमोबाईल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्याचा वृत्तान्त या वाटेने सांगता येण्याजोगा नाही. कारण ज्या आवारातून अर्धशतकभर मुंबईच्या रस्त्यांवर मोटारी उतरत होत्या, त्या आवारात आज मोटारीचा एक खिळाही घडत नाही, आणि ताळेबंदाचे आकडे उत्तरकाळात कोणत्या दिशेने गेले हे सर्वविदित आहे. शिवाय कारखाना म्हणजे केवळ यंत्रे आणि भागभांडवल नव्हे. तेथे मालक व मजूर एकमेकांशी कसे वागले, कशावरून भांडले, कशावर समेट करून बसले, आणि त्या भांडणाचा व समेटाचा खर्च कोणी सोसला, हाही त्याच्या इतिहासाचा, किंबहुना अधिक महत्त्वाचा, भाग होय. प्रस्तुत लेखात मुख्यत्वे त्याच भागाचा परामर्श घेतला आहे.

मोटार-कारखान्याची मूळ कल्पना मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची. यांत्रिक उद्योगाशिवाय देशाचा तरणोपाय नाही अशी त्यांची दृढ श्रद्धा होती, आणि १९३०च्या दशकात युरोप व अमेरिकेतील मोटार-उद्योग स्वतः पाहून आल्यावर त्यांनी मुंबई इलाख्यात असा कारखाना काढण्याची तपशीलवार योजना तयार केली. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने, म्हणजे १९३७ ते १९३९ या अल्प मुदतीत अधिकारावर असलेल्या काँग्रेस सरकारने, त्या योजनेस अनुकूलता दाखविली. परंतु दिल्लीच्या साम्राज्य-सरकारचे मत निराळे होते. योजना पुढे वालचंद हिराचंद दोशी यांनी आपल्या शिरावर घेतली. सोलापुरात १८८२ साली जन्मलेला हा पुरुष लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेची कंत्राटे घेत घेत पुढे आला होता. बोर घाटातील बोगद्यांचे काम, सिंधिया कंपनीची जहाजे आणि वालचंदनगरची साखर या सर्व उद्योगांत एकच धागा दिसतो, तो हा की जे काम परकीय सत्तेने आपल्या हाती राखून ठेवले आहे त्याच कामास हात घालावयाचा. मोटारीच्या वाटाघाटींसाठी ते १९३९ साली अमेरिकेस गेले असता प्रवासात विमान-व्यवसायातील विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थाशी त्यांची गाठ पडली, आणि त्या भेटीतून १९४० च्या डिसेंबरात बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी जन्मास आली. मोटारीच्या शोधात निघालेल्या माणसास आधी विमान मिळाले, आणि मोटार मात्र मागेच राहिली; कारण विमान युद्धाच्या कामी येत होते, तर हिंदी मालकाचा मोटार-कारखाना युद्धकार्यास आवश्यक नाही असा सरकारचा निर्णय होता. क्रायस्लर कंपनीशी करार हाती असूनही वालचंदांना परवानगीसाठी युद्धाचा बहुतेक काळ ताटकळावे लागले.

प्रीमियर ऑटोमोबाईल्सची नोंदणी १९४४ साली झाली आणि कारखाना कुर्ल्यास, आग्रा रोडवर (ज्यास आज लाल बहादूर शास्त्री मार्ग म्हणतात) उभा राहिला. ही जागा कामगारांच्या इतिहासाच्या दृष्टीने निर्णायक ठरली. शहराच्या दक्षिणेस, लालबाग-परळच्या अंगाने, कापड-गिरण्यांचे साम्राज्य होते. कुर्ल्यापासून घाटकोपर, विक्रोळी, भांडुपपर्यंत याच रस्त्याच्या दोहों बाजूंस पुढील दोन दशकांत यंत्रोद्योगांची एक नवीन वसाहत निर्माण झाली. गिरणीतला कामगार आणि या पट्ट्यातला कामगार पुष्कळदा एकाच कोकणी किंवा घाटी घरातला असे, क्वचित थोरला भाऊ साच्यावर व धाकटा लेथवर अशीही वाटणी असे. पण दोघांना लागू असलेले कायदे वेगळे होते, आणि त्या वेगळेपणाचा परिणाम किती दूरवर पोहोचला ते पुढे येईलच.

१९४७ साली पहिल्या डॉज, प्लिमथ व फार्गो गाड्या कुर्ल्यातून बाहेर पडल्या. त्या येथे ‘घडल्या’ असे म्हणणे धाडसाचे होईल. पेट्यांतून आलेले सुटे भाग जुळवून त्या उभ्या केल्या होत्या. अशी जुळणी शिवडी येथे जनरल मोटर्स १९२८ पासून करीतच होती. खरा पालट १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या अहवालाने झाला. ज्यांच्यापाशी देशातच भाग तयार करण्याचा निश्चित कार्यक्रम नाही त्यांनी हा धंदा आवरता घ्यावा असे त्या अहवालाचे धोरण होते, आणि त्याप्रमाणे जनरल मोटर्स व फोर्ड येथून निघून गेल्या. राहिले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके कारखानदार, आणि मोटारगाड्यांपुरते बोलावयाचे तर बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि कुर्ल्याची प्रीमियर.  १९५३ च्या एप्रिलात वालचंदांचे निधन झाले. पुढे कारभार त्यांचे बंधू लालचंद यांच्याकडे व त्यांच्यानंतर विनोद दोशी यांच्याकडे गेला.

अमेरिकन गाड्या आकाराने अवाढव्य आणि पेट्रोलास लोभी; मध्यमवर्गीय हिंदी गिऱ्हाइकास त्या परवडणाऱ्या नव्हत्या. म्हणून इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला, आणि १९५४ पासून ती अकराशेची गाडी येऊ लागली जिला मुंबईकरांनी तिच्या फुगीर नाकाडामुळे ‘डुक्कर फियाट’ हे अजरामर नाव दिले. पुढचे दरवाजे मागच्या बाजूस बिजागऱ्या असलेले, म्हणजे उलट दिशेने उघडणारे. नंतर एलिगंट, सुपर सिलेक्ट, डिलाइट अशी तिची रूपांतरे झाली. १९७० नंतर फियाटचा करार संपला तेव्हा तीच गाडी आधी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि मग ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. इंजिन तेच १०८९ घनसेंटिमीटरचे. गिअरची दांडी सुकाणूपाशीच. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्यासारखी आहे : हिला ट्रकसारखी वेगळी चौकट नव्हती, सांगाडा आणि चौकट एकजीव असे. त्यामुळे पत्र्याचा दाबकाम-विभाग, म्हणजे प्रेस शॉप, आणि ठिपक्या-ठिपक्यांच्या वेल्डिंगचा बॉडी शॉप हे या कारखान्याचे मर्मस्थान होते. एखाद्या डायचा घसारा वाढला किंवा वेल्डिंगचे माप केसभर चुकले तर पुढे दरवाजा बसविणाऱ्याचे कपाळ घामाने भिजे, आणि हातोडीने ठोकून ठाकून फट मिटविण्याचे कसब हेच त्या काळच्या फिटरच्या कौशल्याचे माप ठरे. ज्या यंत्रसामग्रीचे आयुष्य परदेशात संपले असे मानले जाई तिला परकीय चलनाच्या टंचाईमुळे येथे आणखी वीस वर्षे जगवावे लागे. ती जगविली जाई ती माणसांच्या हातांनी. कुर्ल्याच्या कामगाराचा अभिमान आणि त्याची घासाघीस करण्याची शक्ती, दोन्ही याच हातांत होत्या. व्यवस्थापनाने या गोष्टीची कदर पुरेशी केली नाही असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

त्या काळच्या यांत्रिक कारखान्यातील दिनक्रम सर्वत्र सारखाच होता व कुर्ला त्यास अपवाद नव्हते. भोंगा, टाइम ऑफिसपाशी कार्ड पंच करण्याची रांग, पाळीचा सुपरवायझर, त्याच्यावर फोरमन, आणि त्याच्याही वर काचेच्या केबिनीत बसलेला साहेब. कॅन्टीनमधल्या पावाच्या वजनावरून किंवा आमटीच्या पातळपणावरून दोन विभागांत काम थांबल्याची उदाहरणे कोणत्याही जुन्या कारखान्यात निघतील. बाहेरच्या माणसास ती हास्यास्पद वाटतात, परंतु दिवसाचे आठ तास ज्याचे बोलणे कोणी ऐकून घेत नाही त्यास बोलण्यासाठी आमटी हे एक सोयीचे निमित्त असते. खंडेनवमीस यंत्रांना झेंडूच्या माळा चढत, हत्यारे पुसून मांडली जात, आणि त्या दिवशी साहेब व हेल्पर एका चटईवर बसून प्रसाद घेत. दुसऱ्या दिवशी चटई गुंडाळली जाई. याहून खोल भेद मात्र कामगारांच्या आपसांत होता : ‘कायम’ आणि ‘टेंपररी’ यांचा. औद्योगिक विवाद कायद्यात वर्षातील २४० दिवसांच्या सेवेस विशेष अर्थ होता, आणि म्हणून तो आकडा पुरा होण्याआधीच हंगामी माणसास खंड देऊन घरी बसविण्याची रीत मुंबईच्या यंत्रोद्योगात सार्वत्रिक होती. कायम होणे म्हणजे लग्न ठरणे, खोली मिळणे, पतपेढीतून कर्ज मिळणे. ज्या पुढाऱ्याने पाच-पन्नास टेंपररी माणसे कायम करून घेतली त्याच्या शब्दाखातर पुढे हजार माणसे गेटबाहेर बसत.

आता त्या गोष्टीकडे वळावयास हवे जिच्यावाचून या कारखान्यातील सगळी भांडणे व सगळे समेट अनाकलनीय राहतात. फियाटसाठी गिऱ्हाइकांची रांग होती. पैसे भरून नाव नोंदवावे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी, मुलीच्या लग्नाच्या वेळी नोंदविलेली गाडी नातवाच्या बारशास यावी, असा तो काळ. १९५९ सालच्या हुकुमान्वये मोटारींच्या वाटपावर सरकारचे नियंत्रण होते. १९६९ मध्ये किमतीही कायद्याने ठरविण्यात आल्या, आणि त्या किमतींचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊन १९७१ साली निकालात निघाला. १९७५ मध्ये किमतींचे नियंत्रण उठले, रांग मात्र उठली नाही. या व्यवस्थेत एक विलक्षण गोष्ट घडत होती. कारखाना महिनाभर बंद पडला तरी गिऱ्हाईक दुसरीकडे जात नसे, कारण जाण्यास दुसरीकडे काही नव्हते. हिंदुस्थान मोटर्सकडेही तीच रांग होती. संपामुळे मालकाचे नुकसान होई, नाही असे नाही, पण ते केवळ लांबणीवर पडलेल्या विक्रीचे. आणि कामगारांची मागणी मान्य केली तर वाढलेला खर्च आज ना उद्या किमतीत मिळवून घेण्याची आशा असे. अशा रीतीने मालक आणि मजूर यांच्यात चाललेल्या प्रत्येक वाटाघाटीत एक तिसरा पक्ष, म्हणजे रांगेतले गिऱ्हाईक, अदृश्य व मूक राहून दोघांचेही देणे फेडीत होता. दोन्ही पक्ष परस्परांस शत्रू म्हणत असले तरी रांगेच्या बाबतीत ते एकाच दानावर जगणारे होते. या सुखासीन स्थितीत भांडण करण्याची कला पुष्कळ वाढली. एकत्र बसून गाडी सुधारण्याची कला वाढण्याचे कारणच नव्हते.

भांडणाचा नित्य विषय म्हणजे प्रोत्साहन-वेतन, ज्यास कारखान्यात सर्वजण ‘इन्सेंटिव्ह’च म्हणत. कल्पना साधी आहे : पाळीत अमुक इतके नग हे प्रमाण धरावे, त्यापुढील उत्पादनास ठरल्या दराने जादा पैसे द्यावे. पण प्रमाण कोणी ठरवावे? साहेब घड्याळ घेऊन उभा राहिला की कामगार आपोआप सावकाश व शास्त्रशुद्ध काम करू लागतो, आणि घड्याळ गेल्यावर त्याच्या हातांस पूर्वीची चपळाई येते. हे साहेबास ठाऊक असते, आणि साहेबास ठाऊक आहे हे कामगारास ठाऊक असते. शिवाय नवे यंत्र आले की प्रमाण वाढवावे असे मालकाचे म्हणणे, आणि यंत्र आले तरी पाठ आमचीच दुखते असे कामगाराचे. एका विभागाच्या इन्सेंटिव्हमध्ये चार रुपये वाढले की शेजारच्या विभागात असंतोष पेटतो. याकरिता विभागवार करार होत, आणि विभागवार करारांमुळे विभागवार निष्ठा उत्पन्न होत.

या निष्ठांना आकार देणाऱ्या दोन संघटना कुर्ल्यात होत्या. पहिली इंजिनिअरिंग मजदूर सभा, जिचे नेतृत्व आर. जे. मेहता यांच्याकडे होते. ही यंत्रोद्योगातील जुनी व वजनदार संघटना, करारांची भाषा जाणणारी, आकडेमोडीत व्यवस्थापनाच्या तोडीस तोड. दुसरी असोसिएशन ऑफ इंजिनिअरिंग वर्कर्स, डॉ. दत्ता सामंत यांची. कोकणातील देवबागचे हे डॉक्टर घाटकोपरात दवाखाना चालवीत असता खाणकामगारांच्या जखमा बांधता बांधता त्यांचे पुढारी झाले, आणि आग्रा रोडवरील कारखाने त्यांच्या दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर होते. कंपनीचा ताळेबंद पाहून मागणी ठरविण्याची रीत त्यांना मान्य नव्हती. कामगाराच्या घरातील ताळेबंद हाच त्यांच्या मागणीपत्राचा आधार असे. जुन्या धर्तीच्या पुढाऱ्यांस हे बेजबाबदार वाटले, कामगारांस ते आजवर कोणी न उच्चारलेले सत्य वाटले. दोहोंतही तथ्य होते.

येथे कायद्याच्या त्या भेदाचा उल्लेख करावयास हवा. कापड-गिरण्यांना १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता, आणि त्याअन्वये एका धंद्यात एकच प्रातिनिधिक संघटना मालकांशी बोलू शके. गिरण्यांत हा मान राष्ट्रीय मिल मजदूर संघास होता, व कामगारांचे मन फिरले तरी ती सनद सहजासहजी फिरत नसे. यंत्रोद्योग या कायद्याच्या कक्षेबाहेर, १९४७ च्या केंद्रीय औद्योगिक विवाद कायद्याखाली होता. तेथे अशी मक्तेदारी नव्हती. असंतुष्ट कामगार एका रात्रीत झेंडा बदलू शकत, आणि ज्याच्या गेट मीटिंगला गर्दी त्याच्याशी मालकास बोलावेच लागे. सामंतांच्या संघटनेचा विस्तार गिरणगावात न होता आधी कुर्ला-विक्रोळीच्या पट्ट्यात का झाला, याचे उत्तर त्यांच्या वक्तृत्वात जितके आहे तितकेच या दोन कायद्यांतील अंतरात आहे. गिरण्यांत ते १९८२ च्या जानेवारीत उतरले तेव्हा त्याच सनदेच्या भिंतीवर त्यांचा संप आदळला.

प्रीमियरमधील संघटनांच्या स्पर्धेतून भारतीय कामगार-कायद्यातील एक अत्यंत प्रसिद्ध खटला निर्माण झाला, आणि कंपनीचे नाव मोटारीच्या खालोखाल जर कशाने टिकून असेल तर त्या खटल्याने. मोटर प्रॉडक्शन विभागातील प्रोत्साहन-योजनेविषयी मजदूर सभेशी पूर्वी करार झालेला होता. १९७१ साली कंपनीने दुसऱ्या संघटनेशी नवा करार केला. विभागातील सभेच्या सभासदांनी, हा करार आम्हांस बंधनकारक नाही, तो आमच्यावर लादू नये, अशी मागणी करीत मुंबईच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. तेथे व उच्च न्यायालयात त्यांची सरशी झाली. कंपनीने सर्वोच्च न्यायालयात अपील केले, आणि १९७५ च्या ऑगस्टात न्यायमूर्ती उंटवालिया यांनी लिहिलेल्या निकालपत्राने ते मान्य झाले. निकालाचा सारांश असा की, विवाद औद्योगिक स्वरूपाचा नसेल तर दिवाणी न्यायालयाचे दार उघडे आहे. औद्योगिक असून सामान्य कायद्यातील हक्कावर आधारलेला असेल तर वादीने दोन मार्गांपैकी एक निवडावा. परंतु जो हक्क औद्योगिक विवाद कायद्यानेच जन्मास घातला आहे तो मागण्यासाठी त्याच कायद्याने घालून दिलेल्या वाटेने गेले पाहिजे. कायद्याचे विद्यार्थी हा निकाल पाठ करतात, वकील तो रोज उद्धृत करतात. कामगाराच्या बाजूने पाहता त्याचा अर्थ जरा कडवट होता. कायद्याने घालून दिलेली वाट म्हणजे विवाद लवादाकडे सोपविण्याचा सरकारचा हुकूम, आणि तो हुकूम काढावा की नाही हे सरकारच्या मर्जीवर. अल्पमतातील कामगारास बहुमताच्या कराराविरुद्ध दाद मागण्याचा एक जवळचा दरवाजा यामुळे बंद झाला. दुसऱ्या बाजूने असेही म्हणता येईल की, विभागवार मनाईहुकूम निघू लागले असते तर कोणताही करार टिकला नसता. असो.

निकाल लागला तेव्हा देशात आणीबाणी होती. संपास मज्जाव, पुढारी अटकेत (त्यांत सामंतही होते), आणि सप्टेंबरातील वटहुकुमाने किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणलेला. त्याच महिन्यात कामगार संघटनांस मान्यता देण्याविषयीचा महाराष्ट्राचा कायदा अमलात आला. हा कायदा चांगल्या हेतूचा होता, संघटनेच्या सभासदत्वाची तपासणी करून मान्यता द्यावी असे त्याचे धोरण. पण ज्या काळी कामगारास तोंड उघडण्याची मुभा नव्हती त्या काळी तो लागू झाल्याने त्याच्याविषयी प्रारंभीच संशय निर्माण झाला. १९७७ नंतर, दोन वर्षे कोंडलेली वाफ मुंबई-ठाण्याच्या साऱ्या औद्योगिक पट्ट्यात एकदम बाहेर पडली. मागणीपत्रांतील आकडे पूर्वीच्या मानाने दुपटी-तिपटीने वाढले, आणि पुष्कळ ठिकाणी ते मान्यही झाले. यंत्रोद्योगातील कायम कामगार या दशकात गिरणीकामगाराच्या कितीतरी पुढे निघून गेला. त्याची मुले इंग्रजी शाळेत जाऊ लागली, आणि डोंबिवली-बदलापुराकडे त्याचे स्वतःचे दोन खोल्यांचे घर झाले.

या कारखान्याविषयी लिहिताना विनोद दोशी यांच्या नाट्यप्रेमाचा उल्लेख टाळणे कृतघ्नपणाचे होईल. मोटारी बनविणाऱ्या या घराण्याने प्रायोगिक रंगभूमीस दिलेला आश्रय मोठा आहे, आणि पुण्यात त्यांच्या नावाने होणारा नाट्यमहोत्सव तरुण नाटककारांस आजही परिचित आहे. मालक रसिक असला म्हणजे कारखान्यातील संबंध मृदू होतात असे मात्र नाही. तो भाग टाइम ऑफिसात आणि वेतनपत्रकात ठरत असतो.

१९८३ च्या डिसेंबरात गुडगावच्या कारखान्यातून मारुतीची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली, आणि रांगेच्या पायावर उभ्या असलेल्या कुर्ल्याच्या इमारतीस पहिला तडा गेला. मारुतीच्या गाडीविषयी जितके लिहिले गेले त्याच्या निम्मेही तिच्या कारखान्याविषयी लिहिले गेले नाही. सुझुकीच्या रीतीप्रमाणे तेथे व्यवस्थापकीय संचालकापासून हेल्परपर्यंत सर्वांचा गणवेश एक, कॅन्टीन एक, साहेबाची बंद केबिन नाही, पाळीच्या आरंभी सर्वांची कवायत. मुंबईच्या कामगार-पुढाऱ्यांनी याची टिंगल केली, आणि मुंबईच्या व्यवस्थापकांनी तर अधिकच केली. कारण चटई वर्षातून एकदाच अंथरावयाची असते असा उभयतांचा समज होता. त्या रीतीत सर्व गोष्टी मंगलच होत्या असे मुळीच नव्हे. गणवेश एक असला तरी कायम व कंत्राटी यांचे वेतन एक नसते, हे सत्य मारुतीच्याच मानेसर कारखान्यात २०१२ च्या जुलैतील हिंसेने अत्यंत दारुण रीतीने प्रकट केले. परंतु १९८०च्या दशकातील कुर्ल्यास त्या रीतीपासून एक धडा घेता आला असता : प्रमाण कोणी ठरवावे या प्रश्नाचे उत्तर, काम करणाऱ्यास त्या ठरविण्यात सामील करून घेतल्यावाचून मिळत नाही. कंपनीने १९८५ साली फियाटच्याच एका जुन्या सांगाड्यात निस्सानचे इंजिन बसवून ११८ एनई ही नवी गाडी आणली. गाडी वाईट नव्हती. पण जी गोष्ट बदलावयास हवी होती ती प्रेस शॉपच्या पत्र्यात नव्हती. पद्मिनीस आता मुख्य आधार उरला तो मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचा, ज्यांना कोणत्याही नाक्यावरचा मेकॅनिक दुरुस्त करू शकेल अशी काळी-पिवळी गाडी हवी होती.

१९९१ नंतरच्या आर्थिक धोरणाने उरलीसुरली रांगही मोडली. कंपनीने दोन परकीय भागीदार गाठले. फ्रान्सच्या प्युजोबरोबर कल्याण-डोंबिवली येथील कारखान्यात ३०९ ही गाडी, आणि जुन्या मित्राबरोबर, म्हणजे फियाटबरोबर, कुर्ल्यात उनो. उनोच्या नोंदणीस असा प्रतिसाद मिळाला की जुन्या रांगेच्या दिवसांची आठवण व्हावी. लाखोंच्या संख्येने अर्ज आले. मात्र गिऱ्हाईक आता पूर्वीचे नव्हते. कामगार-तंट्यांमुळे व अन्य कारणांमुळे गाड्या वेळेवर निघेनात, तेव्हा लोकांनी सरळ पैसे परत घेतले आणि ते मारुतीकडे, नाहीतर नव्याने आलेल्या कोरियन कंपन्यांकडे वळले. संपाचे शस्त्र मालकावर उगारता उगारता ते कारखान्यावरच पडत आहे, आणि टाळेबंदीने दमविण्याची मालकाची जुनी युक्तीही आता त्याच्याच नोंदवहीतील नावे पुसून टाकीत आहे, हे दोन्ही पक्षांच्या ध्यानात एकाच वेळी व उशिरा आले. १९९७ च्या जानेवारीत डॉ. सामंत यांची पवईत हत्या झाली, आणि यंत्रोद्योगातील हजारो कामगारांचा एकमेव वाटाघाटी करणारा नाहीसा झाला. त्याच सुमारास प्युजोने काढता पाय घेतला. कुर्ल्याचा कारखाना फियाटच्या ताब्यात गेला. पद्मिनीचे उत्पादन शतक पालटण्याच्या सुमारास थांबले, आणि फियाटनेही पुढे आपले बस्तान पुणे जिल्ह्यातील रांजणगावास हलविले.

या शेवटाचे खापर एकट्या युनियनवर फोडण्याची रीत वर्तमानपत्रांत रूढ आहे, तशीच सारा दोष मालकावर घालण्याची रीत कामगार-चळवळीच्या पुस्तिकांत आहे. दोन्ही कैफियतींत एका साक्षीदाराचे नाव वगळलेले असते, तो म्हणजे मुंबईची जमीन. ज्या माळावर कारखाना बांधला त्या माळाचा भाव १९९० नंतर असा चढला की तेथे पत्रा दाबून गाडी करण्यापेक्षा तेथे काहीही न करणे अधिक किफायतशीर ठरावे. आग्रा रोडवरील एकामागून एक कारखाना याच हिशेबाने गेला. जे भांडले तेही गेले, जे कधी भांडले नव्हते तेही गेले. शेजारच्या कमानी ट्यूब्जचा कारखाना १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने कामगारांनीच सहकारी तत्त्वावर चालविण्यास घेतला, व काही वर्षे चालविलाही; प्रीमियरच्या बाबतीत तशी तजवीज करण्याचा विचार गांभीर्याने पुढे आला असता तर काय झाले असते, हा प्रश्न अगदीच कल्पनेतला नाही, जरी नळ्या घडविणे आणि मोटारी घडविणे यांच्या भांडवलात महदंतर असले तरी. कायम कामगारांपैकी पुष्कळांनी स्वेच्छानिवृत्तीची रक्कम घेतली. टेंपररींचा प्रश्नच नव्हता. त्यांची नावे कोणत्याच वहीत नव्हती. कंपनी चिंचवडला आपला यंत्रनिर्मितीचा उद्योग करीत राहिली, व २००९ मध्ये ‘रिओ’ नावाची एक लहान गाडी तिने तेथून बाजारात आणून पाहिली. कुर्ल्याच्या आवारात उंच इमारतींची वसाहत झाली. डोंबिवलीच्या कारखान्याजवळच्या प्रीमियर मैदानावर निवडणुकीच्या दिवसांत सर्व पक्षांच्या सभा होतात.